रंग वला हाय

मोबाईल खाली ठेवा रे सगळ्यांनी. शेफाली, तू दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस, कडीचं पुढं येणार आहे.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली त्यानं स्वतः सांगितलेली. भोरला एसटी स्टँडच्या मागं त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथं बसून, दिवसाढवळ्या, समोरचा चहा गार करत सांगितलेली. नाव इंद्रजित. भला माणूस. आता तुम्ही म्हणाल, भुताच्या गोष्टीत भला माणूस कशाला? अरे, भल्या माणसांच्याच गोष्टी असतात ह्या. निर्ढावलेल्याला कुठलं भूत धरतंय!

जळालेल्या पंपाची मोटर उघडायची, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, हा त्याचा धंदा. आणि मेलेल्या वस्तू जिवंत करायच्या, हा नाद. लाकडी रेडिओ, चावीची घड्याळं, पितळी स्टोव्ह. बायको अश्विनी म्हणायची, "घरातला मिक्सर वर्षभर पडलाय, त्यो बगा आदी." पण नादाला कधी घरचा मिक्सर दिसतो का?

तर गेल्या दिवाळीनंतर हा खताच्या गोण्या उतरवायला गावाकडं गेला. गाव म्हणजे विंझरच्या अलीकडं सडकेला लागून असलेली एक वाडी. तिथं त्याच्या बापाचं, गेनबाचं, किराणा दुकान होतं. दुकान केव्हाच बंद पडलेलं. मागच्या खोलीत गेनबा आणि थोरल्या भावाचं बिऱ्हाड. गोण्यांना जागा करायला इंद्रजितनं माळा रिकामा केला, आणि बारदानात गुंडाळलेला एक डबा खाली आला. जाड पत्र्याचा, लाल, वर रुपयाचं नाणं टाकायची फट, बाजूला काळा रिसिव्हर. नाण्यावर चालणारा फोन.

तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही खिशात फोन घेऊनच जन्मलात. त्या काळी अख्ख्या वाडीत तो एकच फोन. पुण्या-मुंबईकडं गेलेली पोरं रविवारी संध्याकाळी लावायची. "तात्या, आमच्या म्हातारीला बोलवा." गेनबा म्हणायचा, "दहा मिंटानं लाव." मग पळायचा इंद्रजित. आठ-नऊ वर्षांचं पोर. ज्याचा फोन असेल त्याच्या दारात जाऊन ओरडायचं, "फोन आलाऽऽय!" मग ती म्हातारी पिठाचे हात तसेच घेऊन धावत यायची. निरोप पोचवणाऱ्याला बरणीतली लिंबाची गोळी मिळायची.

डबा बघितला आणि इंद्रजितला ती गोळी जिभेवर आठवली. भोरला नेला त्यानं तो. महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. गंज खरवडला, पोचे ठोकून काढले, लाल रंगाचे हात दिले, रिसिव्हर घासून आरशासारखा केला. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ टाकले. लोकांनी खाली लिहिलं, 'किती छान होते ते दिवस', 'माणूस माणसाला हाक मारत होता'. इंद्रजित ते वाचून हरखून जायचा. आतली घंटी मात्र मेलेली होती, तिची कॉईल जळून कोळसा. ती त्यानं काढून घेतली, सवडीनं गुंडाळू म्हणून, आणि ती भोरच्या टेबलावर राहिली. एवढं ध्यानात ठेवा.

आता रात्र सांगतो. डिसेंबरातला शेवटचा रविवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, अष्टमी होती. डोक्यावर अर्धा चंद्र. थोरला भाऊ पोराबाळांना घेऊन नसरापूरला लग्नाला गेलेला, म्हणून म्हाताऱ्याजवळ इंद्रजित. गेनबाला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो आणि डोळे चालतात.

इंद्रजित सकाळीच पोचला, फोन पिशवीत घेऊन. दुकानातल्या जुन्या फळीवर जुन्याच भोकांत स्क्रू पिळून त्यानं तो टांगला. आत खाटेवरनं बापाला दिसेल अशी मधल्या दाराची चौकट मोकळी केली. म्हणाला, "तात्या, बगा की! वळखीचा हाय का?"

गेनबानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान भिंतीकडं वळवली. इंद्रजितला वाटलं, म्हातारा जुन्या आठवणीनं गहिवरला.

दुपारी सडकेनं पारूबाई आली. ओढ्याच्या पलीकडं बौद्धवस्ती आहे, तिथली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, डोक्यावर मोळी, तोंडात मिशरी. मिशरी लावून लावून उजव्या हाताचं पहिलं बोट कायमचं काळं झालेलं. लहानपणी इंद्रजित तिला 'ए पारे' अशी हाक मारायचा, घरातले मारायचे तशीच. आता शिकला-सवरलेला, भोरला राहिलेला. म्हणाला, "आजी, या की. वळखलं का ह्ये? तुमी बी बोलला आसाल ह्याच्यावरनं."

तिनं मोळी कट्ट्याला टेकवली. फोनकडं बघत राहिली.

"येकदाच," ती म्हणाली. "माझा सम्राट सुरतेला पोचला तवा. बोलून झालं आन् तुझ्या बानं माझ्यासमूर फडक्यानं पुसला त्यो. मिशरी लागली म्हनला. लागली आसंल बाबा."

"आन् मंग?"

"मंग दिवाळीला आलता घरी. भोरचं कालेज अर्ध्यात टाकून गेलता रंगारी म्हनून, त्यावरनं भांडलो आमी. म्या म्हनलं, पुना तोंड दावू नगंस मला. आय म्हनती आसं. म्हनती का न्हाई? पर त्यानं धरून ठिवलं. त्या दिसापासनं त्याचा फोनच आला न्हाई."

पुढचं सगळ्या वाडीला माहीत होतं. त्याच उन्हाळ्यात सुरतेला रंग देताना सम्राट परांचीवरून पडला. गेला. तो निरोप ह्याच फोनवर आला, आणि त्या दिवशी गेनबा स्वतः उठला, ओढ्यावरच्या मोरीपर्यंत, त्या बुटक्या पुलापर्यंत, चालत गेला आणि तिथनं वस्तीकडं तोंड करून ओरडून सांगितलं. मयताचा निरोप राखून ठेवला की पाप लागतं ना! इंद्रजितला ते आठवत होतं. आपला बाप त्या दिवशी गेला, याचा त्याला आतून अभिमानही होता.

पारूबाई म्हणाली, "तू जायाचास की रं समद्यांच्या दारात बोलवाय. म्या ऐतवारी ओट्यावर बसून बगायची, इंदर मोरीवरनं येतोय का."

"फोन आला आस्ता तर आलो नस्तो का, आजी?"

"व्हय. त्येच म्या मनाला सांगती. आला आस्ता तर आलं आस्तं पोरगं."

मग तिनं हात पुढं केला. काळं बोट रिसिव्हरपासून वीतभर लांब. म्हणाली, "जरा हात लावू का? त्याचा आवाज आलता ह्यातनं."

आणि इंद्रजितच्या तोंडून आलं, "नगा आजी. रंग वला हाय."

रंग वाळून आठवडा झाला होता. रिसिव्हरला तर रंग दिलेलाच नव्हता. मला सांगताना तो म्हणाला, "काका, म्या इचार केलाच न्हाई. आलं तोंडातनं." तसंच असतं ते. काही वाक्यं शिकवावी लागत नाहीत, बापाच्या घराबरोबर वारशात येतात.

पारूबाईनं हात मागं घेतला. बोटाकडं बघितलं. पदराला पुसलं.

"बरं," म्हणाली, आणि मोळी उचलून चालू लागली.

संध्याकाळ झाली. इंद्रजितनं म्हाताऱ्याला पेज भरवली. साडेसात-आठचा सुमार असेल. थंडीत तेवढ्याला वाडी चिडीचूप होते. आणि लाईट गेली. दुकानात एक मेणबत्ती लावून तो शटर ओढायला निघाला.

तेव्हा फोन वाजला.

मोबाईल नाही. तो. लाल.

घंटी भोरला. वायर कशालाच जोडलेली नाही. भिंतीतनं आलेला जुना तुकडा त्यानं सकाळीच स्वतःच्या हातानं छाटला होता. आणि तरी ती घंटी. खणखणीत. लहानपणी वाजायची तशी.

एकदा वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

आतल्या खोलीत खाट करकरली.

इंद्रजितनं रिसिव्हर उचलला. थंडगार. आधी नुसती खरखर. मग लांबून कुठूनतरी गाड्यांचे आवाज. मोठ्या शहरातले.

"हॅलू... गेनबातात्या?"

"...कोन?"

"म्या सम्राट. पारूबाईचा. तात्या, आज तरी बोलवा की आयला. येत न्हाई म्हनती, ठावं हाय मला. येकडाव इचारा फकस्त. चुकलं म्हनावं माझं."

इंद्रजितनं रिसिव्हर कानाशी घट्ट दाबला.

"इंदर हाय का तितं? इंदर... पळत जा की रं जरा. दहा मिंटानं लावतो."

खट्.

खरखरही गेली. आता नुसता पत्रा.

इंद्रजितनं आत बघितलं. मेणबत्तीचा उजेड खाटेपर्यंत जेमतेम पोचत होता. गेनबाचे डोळे टक्क उघडे. तोंडातून "अं... अं..." एवढंच. आणि डावा हात वर. पंजा पालथा. हवेत खाली दाबत. पुन्हा वर. पुन्हा खाली.

बस.

बस तू.

आणि पोरांनो, तिथं त्याला आठवलं. वीस-बावीस वर्षं जे बारदानात गुंडाळून माळ्यावर टाकलेलं होतं, ते खाली आलं. दर रविवारी फोन वाजायचा. बाप कानाला लावायचा. कधीकधी नाव ऐकून त्याचं तोंड बदलायचं आणि तो पोराला हातानं असंच करायचा. बस. न्हाई जायाचं तिकडं, वढ्यापल्याड. मग पोर ज्वारीच्या पोत्यावर पाय हलवत बसायचं. दहा मिनिटं. पुन्हा घंटी. मग बाप रिसिव्हर त्याच्या तोंडाशी धरायचा, कारण लहान पोराच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. आणि पोर बोलायचं, पढवल्यासारखं, "आय येत न्हाई म्हनली."

न जाता मिळालेली ती गोळी. तीच त्याला गोड आठवत होती महिनाभर.

इंद्रजित शटरखालून वाकून बाहेर पडला. सडकेवर अर्ध्या चंद्राचा उजेड. समोर उतार, खाली ओढा, ओढ्यावर मोरी. पलीकडं वस्तीचा निळा झेंडा, एका घरात चिमणी लुकलुकत होती. पारूबाईचंच घर. मोरीपर्यंत पळत गेला. तिथं त्याचे पाय थांबले.

भीती? असेलही. पण भीती मागं होती, दुकानात. पुढं नुसती एक म्हातारी होती. आणि तिला काय सांगायचं? तुझा पोरगा बोलवतोय? की तेव्हाही बोलवत होता, आणि मी पोत्यावर बसून होतो? दुपारी तर तोंड वर करून तिला म्हणालो, फोन आला असता तर आलो नसतो का? तो मोरीच्या अलीकडच्या टोकाला उभा. जन्मात त्यानं ती मोरी ओलांडलेली नव्हती. दहा पावलांची मोरी.

मागं घंटी वाजली.

तो वळला. पुढं जायचं सोडून वळला. धावत आला, रिसिव्हर उचलला.

"आली का, इंदर?"

मेणबत्ती फडफडत होती. आत तो हात. वर... खाली...

"इंदर?... आली का आय?"

म्हणायचं होतं, थांब, आणतो. हेच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. आवाज आला तो त्याचा नव्हता. बारीक. आठ-नऊ वर्षांच्या पोराचा.

"आय येत न्हाई म्हनली."

पलीकडं गाड्या जात राहिल्या. कितीतरी वेळ.

"बरं."

दुपारी ती म्हणाली होती तसंच. तोच आवाज, तीच पट्टी.

"पुना न्हाई लावत म्हनावं."

खट्.

इंद्रजितनं मेणबत्ती विझवली. शटर खाली ओढलं, बाहेरनं कुलूप घातलं आणि मागच्या दारानं आत आला. मधलं दारही ओढून घेतलं, त्यालाही कुलूप. दोन्ही किल्ल्या आतल्या खिशात. मग बापाच्या खाटेशी जमिनीवर बसला, भिंतीला पाठ लावून. गेनबाचा हात थांबला होता. डोळ्यातून पाणी वाहत होतं. तो हात पोराला 'बस' सांगत होता, की त्या हाताला तेवढी एकच खूण उरली होती आणि त्याला 'जा' म्हणायचं होतं, हे इंद्रजितला आजतागायत कळलेलं नाही. त्यानं त्या रात्री विचारलं, "तात्या, किती डाव आलता त्याचा फोन?" म्हातारा नुसता रडला.

पण एक त्यानं मनाशी पक्कं केलं. उजाडलं की मोरी ओलांडायची. तिच्या ओट्यावर बसायचं आणि सांगायचं. आजी, त्याचा फोन यायचा. रागात नाही गेला तो. तुलाच बोलवत होता. मग तिनं चप्पल काढली तरी चालेल.

रात्रभर दुकानातून काही आवाज आला नाही. निदान त्याला ऐकू आला नाही.

उजाडताना कुणीतरी कट्ट्यापाशी हाक मारली. इंद्रजित मागच्या दारानं बाहेर आला. मंगल होती, पारूबाईच्या भावाची मुलगी; म्हातारीच्या सोबतीला तीच असायची.

"इंदरदादा, आत्या गेली."

"कवा?" इंद्रजितनं विचारलं.

"राती धडधाकट हुती," मंगल सांगत होती. "लाईट आली न्हवती आजून. उटली, केस इंचरले, ठिवणीतलं लुगडं नेसली. म्हनलं, आत्या, कुठं चाललीस? तर म्हनली, फोन आलाय सम्राटचा. बोलवाय आलंय पोरगं, दारात हुबं हाय. म्या बगितलं. दारात कुनी बी न्हाई. कडी लावली आन् निजवली तिला. सकाळी कडी तशीच हुती, आतनं. आन् आत्या गार."

"कसलं पोरगं म्हनली?"

"केवडंसं. धापा टाकतंय म्हनली, लांबनं पळत आलंय."

इंद्रजितनं मोरी ओलांडली. पहिल्यांदा. मयताला.

भिंतीशी मेणबत्त्या लावलेल्या, माणसं जमलेली. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी या म्हटलं नाही. तो पारूबाईच्या उशाशी गुडघ्यावर बसला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. लोकांना वाटलं, शेठचा पोरगा किती रडतोय! कुणीतरी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला. त्या हाताचं ओझं अजून उतरत नाही, असं म्हणाला तो मला. मी त्याची समजूत घातली नाही. काय घालणार? ज्या गोष्टी वेळेवर जिवंत माणसाला सांगायच्या, त्या मेल्याच्या कानात ओतून काय उपयोग!

मातीला उभा राहून तो दुपारी परत आला. फोन काढायचा आणि ओढ्यात टाकायचा, असं ठरवून आला. खिशातली किल्ली काढली. शटरचं कुलूप जसंच्या तसं. मधल्या दाराचंही तसंच. शटर वर केलं आणि उन्हाचा पट्टा सरळ फळीवर पडला.

फोन जागेवर. रिसिव्हर नीट अडकवलेला.

त्यानं तो काढून उलटा केला. जिथं तोंड लावून बोलतात, ती जाळी मिशरीनं काळी झाली होती. नुसता डाग नव्हे. थरच्या थर, वाळलेले, एकावर एक. आणि पाठीवर, जिथं मूठ धरतात तिथं, एका बोटाचा काळा ठसा. घट्ट दाबलेला. 'पुना न्हाई लावत' म्हणाला होता ना तो? मग पलीकडं कोण होतं, कुणाला ठाऊक. पण तेवढी मिशरी लागायला माणसाला पुष्कळ वेळ बोलावं लागतं.

इंद्रजितनं ती पुसलेली नाही. उठा आता. दार नुसतं लोटलेलंच आहे.